त्रिनिदादला कामासाठी जाताय? आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा

पहिल्या खेपेला त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका कार्यालयात शिरलो, काउंटरवरच्या बाईंपुढे फाइल ठेवली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "एक्सक्यूज मी, हा फॉर्म कुठे द्यायचा?" बाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून मी प्रश्न पुन्हा विचारला. त्याही पुन्हा, जरा सावकाश, "गुड मॉर्निंग." मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं, बाईंचा चेहरा खुलला आणि पाच मिनिटांत काम झालं.

ठाण्याच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीसाठी पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या तीन खेपा झाल्या. अमोनिया, मिथेनॉल, नैसर्गिक वायू यांवर चालणारा हा कॅरिबियन देश. त्यामुळे आपल्याकडचे इंजिनिअर तिथे अधूनमधून जातच असतात. मी केलेल्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो. परक्या देशात जाताना आपण सावध असतो, पण त्रिनिदादला उतरलं की पाट्यांवर महाराज, रामलोगन, मोहम्मद अशी नावं दिसतात, समोरचा माणूस थेट आपल्या मामासारखा दिसतो आणि आपण सैल पडतो. तिथेच फसतो. देश त्यांचा आहे, रीतीही त्यांच्या आहेत.

१. निघण्याआधी: कागद आणि एक लस

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट आणि परतीचं तिकीट
- यजमान कंपनीचं निमंत्रणपत्र. त्यात कामाचं स्वरूप, तारखा आणि तिथला पत्ता स्पष्ट हवा
- हॉटेलचं आरक्षण, छापील प्रत
- पीतज्वराच्या लशीचं पिवळं प्रमाणपत्र
- ११५ व्होल्टवर चालणारा चार्जर आणि चपट्या पिनांचा अमेरिकी पद्धतीचा अडॅप्टर
- थोडे अमेरिकी डॉलर रोख, शिवाय कार्ड

लशीबद्दल दोन शब्द जास्त, कारण लोक नेमके इथेच अडकतात. आपल्याला वाटतं, लस जाताना दाखवायची. खरी गरज परतताना असते. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद बेट आहे, त्यामुळे प्रमाणपत्राशिवाय परत आलात तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि ती फक्त ठरावीक अधिकृत केंद्रांवर मिळते. तिकीट काढलंत की त्याच दिवशी लशीची वेळ घ्या.

भारतातून तिथे थेट विमान नाही. अमेरिकेतून जात असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्रिनिदादचे स्वतःचे प्रवेशाचे नियम तिकिटाआधी त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून तपासून घ्या. आणि 'बिझनेस व्हिजिट' म्हणजे काम नव्हे, हे लक्षात असू द्या. हातात पाना घेऊन मशीन दुरुस्त करणार असाल तर ते काम. वर्क परमिटशिवाय वर्षातून एकदाच, ३० दिवसांपर्यंत काम करता येतं. त्यापुढे परमिट हवं. ही बाब यजमान कंपनीकडून लेखी घ्या, फोनवरच्या "नो प्रॉब्लेम"वर जाऊ नका.

२. आधी अभिवादन, मग बाकी सगळं

दुकान, लिफ्ट, दवाखान्याची प्रतीक्षा खोली, शेअर टॅक्सी, कुठेही शिरलात की तिथे असलेल्या सगळ्यांना उद्देशून "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणायचं. अनोळखी माणसंही उत्तर देतात. न बोलता आत जाऊन बसणारा माणूस उद्धट, किंवा त्याला घरी कुणी काही शिकवलं नाही, असं समजतात. आपण मुंबईकर लोकलमध्ये शिरताना गुड मॉर्निंग म्हणायला लागलो तर लोक वेडा ठरवतील. तिथे उलट आहे.

यातली गंमत संध्याकाळी. अंधार पडला की भेटतानाच "गुड नाइट" म्हणतात. ते स्वागत असतं, निरोप नव्हे. मला पहिल्या रात्री हॉटेलच्या रखवालदाराने "गुड नाइट" म्हटलं आणि मी "गुड नाइट" म्हणून खोलीकडे चालू पडलो. बिचाऱ्याला माझ्याशी चार गोष्टी बोलायच्या होत्या.

३. हाक कशी मारायची

कामाच्या ठिकाणी सुरुवात मिस्टर किंवा मिस आणि आडनाव अशीच करा. बाईंचं लग्न झालंय की नाही याची चौकशी नको, "मिस" चालतं. समोरच्याने "कॉल मी अमुक" म्हटलं की मग पहिलं नाव. वयस्कर माणसांना घरगुती वातावरणात "अंकल", "आंटी" चालतं. आफ्रिकी वंशाच्या घरांत मावशी-आत्यासारख्या बाईला "टँटी" म्हणतात. मंडईत भाजीवाली तुम्हाला "डार्लिंग" म्हणेल. लाजू नका आणि भलता अर्थही काढू नका, ती सगळ्यांनाच तसं म्हणते.

एक आवाजही ओळखून ठेवा: दातांमधून हवा ओढून काढलेला 'च्च्स्स'. त्याला 'स्टूप्स' म्हणतात. तो तुमच्या बोलण्यावर आला तर समजा की समोरचा वैतागलाय. आपण स्वतः तो आवाज कधीही काढायचा नाही.

४. कपडे

हवा कोकणासारखी, दमट. जून ते डिसेंबर पाऊस. तरी बैठकीला पूर्ण पँट, इस्त्रीचा शर्ट, बंद बूट; वरच्या अधिकाऱ्यांसोबत असाल तर कोट-टाय. वातानुकूलन इतकं कडक असतं की कोटाचा त्रास होत नाही.

सापळे दोन. पहिला: अनेक सरकारी कार्यालयांत अर्ध्या चड्ड्या, बिनबाह्यांचे कपडे, सपाता घालून आलेल्यांना दारातूनच परत पाठवण्याची रीत चालत आली आहे. दुसरा जास्त गंभीर: लष्करी छापाचे कपडे. सैन्याबाहेरच्या कुणीही ते घालणं तिथे बेकायदा आहे. लहान मुलाची टोपी किंवा पाठीवरची सॅकही त्यात येते. आपल्याकडे फुटपाथवर मिळणारी ती हिरवट-तपकिरी ट्रॅकपँट घरीच ठेवा. आणि हो, सार्वजनिक ठिकाणी शिव्या देणं हाही तिथे गुन्हा आहे, मराठीत दिल्या तरी सूर कळतोच.

५. 'आपलीच माणसं' हा सापळा

३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. पुढे १९१७पर्यंत उसाच्या मळ्यांवर राबायला माणसं येत राहिली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या भोजपुरी पट्ट्यातली, कलकत्ता बंदरातून निघालेली, काही मद्रासकडची. ३० मे ही तिथे आता सार्वजनिक सुटी आहे. २०११च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के लोक होते, बाकी मिश्र वंशाचे आणि इतर.

म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या मिस्टर महाराजांची पाचवी-सहावी पिढी तिथली आहे. त्यांच्याशी हिंदीत बोलायला सुरुवात करू नका. भजन पाठ असेल, पण बोलण्याची भाषा इंग्रजी आणि तिची तिथली क्रिओल बोली. नावावरून धर्मही ओळखायला जाऊ नका. १८६८पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी भारतीय वस्त्यांत शाळा काढल्या, त्यामुळे अस्सल हिंदू वाटणारं आडनाव लावणारा गृहस्थ रविवारी चर्चमध्ये भेटू शकतो. आणि जात? कृपा करून विचारू नका. मी एकदा "महाराज म्हणजे ब्राह्मणच ना?" असं बोलून गेलो. उत्तर आलं, "म्हणतात खरं. पण तुझ्या पंपांचं त्याच्याशी काय?"

'कूली' हा शब्द थट्टेतही नको, तो मळ्यांवरच्या अपमानाचा शब्द आहे. मिश्र वंशाच्या माणसासाठी असलेला 'डगला' हा शब्द ते आपसांत वापरतात, आपण वापरायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे भारतीय वंशाच्या घरात बसून आफ्रिकी वंशाच्या लोकांबद्दल कुजबुजत्या स्वरात मत देणं, यजमान हसून मान डोलावेल अशा समजुतीने. त्या घरातली सून किंवा जावई कोण आहे तुम्हाला माहीत नसतं. राजकारणातही पक्षांचे पाठीराखे बऱ्याच अंशी वंशानुसार विभागलेले आहेत, म्हणून निवडणुकीचा विषय निघाला की आपण चहाचा घोट घ्यावा.

एवढं सगळं सांभाळलं की ओळखीच्या खुणा आपोआप सापडतात. जेवणाच्या सुटीत एका सहकाऱ्याने डबा उघडला आणि म्हणाला, "माय आजी मेक दिस." माझा घास तसाच राहिला. तिथे वडिलांच्या आईला आजी म्हणतात, आजोबांना आजा, आईकडचे नाना-नानी. शब्द भोजपुरीतून गेलाय, पण ऐकताना मला डोंबिवलीचं स्वयंपाकघर आठवलं. कारल्याला ते कराइली म्हणतात, जिऱ्याला गीरा.

६. बैठक: वेळ तुमची, गती त्यांची

तुम्ही वेळेवर पोचा. पाहुण्याकडून तीच अपेक्षा असते. समोरचे दहा-पंधरा मिनिटं उशिरा आले तर चेहऱ्यावर दाखवू नका. 'त्रिनी टाइम' हा त्यांचा स्वतःचाच विनोद आहे. "जस्ट नाऊ" म्हणजे आत्ता नव्हे. ते आपल्या "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो"चं भावंड आहे. तारीख हवी असेल तर तारीखच विचारा: "गुरुवारी दुपारी मिळेल का?"

आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक आठवण पाठवा. ईमेलला चार दिवसांत न मिळालेलं उत्तर व्हॉट्सॲपवर चार मिनिटांत येतं. भारताची वेळ साडेनऊ तास पुढे आहे, तेव्हा तिथे सकाळी नऊची बैठक म्हणजे ठाण्यातल्या तुमच्या साहेबांची संध्याकाळ साडेसहा. ऑफिसातून निघण्याआधी त्यांना गाठून ठेवा.

पहिली दहा मिनिटं गप्पांची. थेट किमतीवर आलात तर घाई झालेला फेरीवाला वाटाल. विषय कोणता? क्रिकेट. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ काढल्या, पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७. त्या मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा केल्या आणि तिथल्या लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. आपल्याला हरवणाऱ्यावर गाणं रचणारी ही माणसं! साठीच्या पुढचा कुणी समोर असेल तर हा विषय काढा आणि मग फक्त ऐका. तरुण असेल तर लारा, नारायण, पोलार्ड. फुशारकी मात्र नको, आणि "तुम्ही मनातून भारतालाच पाठिंबा देता ना?" हा प्रश्न तर मुळीच नको.

७. लाइम आणि पिकाँग

'लाइम' म्हणजे काही न ठरवता एकत्र जमून वेळ घालवणं. आपल्या कट्ट्यासारखं, फक्त सोबत खाणं, पिणं, संगीत. शुक्रवारी संध्याकाळी "वी लाइमिंग, यू कमिंग?" असं विचारलं तर जा. दारू पीत नसाल तर नारळपाणी किंवा मॉबी (झाडाच्या सालीचं कडसर पेय) घ्या, कुणी आग्रह करत नाही. माझ्या दोन ऑर्डरी खऱ्या अर्थाने लाइममध्येच पक्क्या झाल्या, पण लाइममध्ये धंद्याची गोष्ट मी एकदाही काढली नव्हती. विषय त्यांनी काढायचा.

तिथे तुमची टेर खेचली जाईल. याला 'पिकाँग' म्हणतात. माझ्या उच्चारावर, माझ्या सँडलमधल्या मोज्यांवर, सगळ्यावर. ही स्वीकारल्याची खूण आहे. थट्टा बंद झाली तर काळजी करा. हसा, जमलं तर एखादा हलका टोला परत द्या, पण कुणाच्या वंशावर, धर्मावर, आईवर नाही.

८. खाणं: डबल्सच्या गाडीवर

सकाळी रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली की तिथे डबल्स असतात. दोन मऊ तळलेले बारे (पुरीसारखे), मध्ये रस्सा-चणे, वर काकडी आणि चिंचेची चटणी. रांग दिसत नाही, पण असते, विक्रेत्याच्या डोक्यात. गुड मॉर्निंग म्हणा, नजर मिळाली की "टू, स्लाइट पेपर" म्हणा, उभ्यानेच कागदावर खा. पैसे खाऊन झाल्यावर, किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं. हा विश्वास मोडू नका.

"स्लाइट" म्हणजे तिखट किंचित. आम्ही ठेचा खाणारे, असा ताठा मी पहिल्या दिवशी दाखवला. त्रिनिदादच्या मोरुगा गावाची स्कॉर्पियन मिरची २०१२ साली न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी जगातली सर्वांत तिखट ठरवली होती, हे मला नंतर कळलं. कोणती मिरची गाडीवर होती देव जाणे, पण दुपारच्या बैठकीत मी डोळे पुसत बसलो होतो.

शाकाहारींनी "रोटी विथ चणा अँड आलू" मागावी, नाहीतर भोपळा किंवा भाजी. तिथे भाजी म्हणजे पालेभाजीच. कलालू ही पाल्याची घट्ट भाजी हिरवीगार दिसते म्हणून भुलू नका, त्यात बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं. विचारून घ्या. हॉटेलात १० टक्के सर्व्हिस चार्ज बिलात आधीच लावलेला आहे का ते पाहा. नसेल तर दहा-पंधरा टक्के ठेवा.

९. घरी किंवा पूजेला बोलावलं तर

अंगणात बांबूवर रंगीत झेंड्या दिसल्या की ते हिंदूंचं घर. झेंड्या पूजा झाल्यावर रोवतात. बूट दाराबाहेर काढा. भेट म्हणून भारतातून नेलेली मिठाई उत्तम, बाटली नेण्याआधी घर कसं आहे याचा अंदाज घ्या. पूजेचं जेवण सोहारीच्या लांबट पानावर वाढतात. सगळं शाकाहारी, हाताने खायचं. आपण केळीच्या पानावर जेवणारे, तेव्हा काही अडत नाही. निघताना बांधून दिलेला डबा नाकारू नका.

मंत्रांचे उच्चार वेगळे वाटतील, आरतीची चाल वेगळी असेल. सुधारायला जाऊ नका! भारताशी संपर्क तुटलेला असताना त्यांनी ते जपलंय. वेळ मिळाला तर कारापिचाइमाच्या दत्तात्रेय मंदिरात जाऊन या, बाहेर ८५ फुटी हनुमान आहे. गाणगापूर-औदुंबरचं नाव घेत वाढलेल्या माणसाला समुद्रापार दत्त भेटला की जे वाटतं ते मी इथे लिहीत नाही.

१०. तारखा ठरवताना

कार्निव्हल हा तिथला रस्त्यावरच्या नाचगाण्याचा मोठा उत्सव ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासांचा पहिला दिवस, फेब्रुवारी-मार्चमध्ये) आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो. अधिकृत सुट्यांच्या यादीत हे दोन दिवस नाहीत, म्हणून आमच्या ऑफिसने बिनधास्त सोमवारची बैठक ठेवली होती. त्या दिवशी देश रस्त्यावर असतो. त्याआधीचे दोन आठवडेही कुणाचं लक्ष कामात नसतं आणि बुधवारी निम्मे लोक समुद्रावर. नाताळच्या आसपासही तेच. ईद आणि दिवाळी यांना सुटी आहे, ३० मार्च, १९ जून, १ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि २४ सप्टेंबरलाही.

कार्निव्हलमध्ये सापडलात तर जा, नाचा. नाच अंगाला अंग लावून असतो, पण समोरची बाई बाजूला झाली की विषय संपला. स्टीलपॅनला 'ड्रम' म्हणू नका. तेलाच्या पिंपांतून घडवलेलं ते त्यांचं राष्ट्रीय वाद्य आहे.

११. फिरताना

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर 'एच' हवं. 'पी' असलेली खासगी गाडी भाड्याने धावत असेल तर बसू नका. मॅक्सी म्हणजे मिनीबस, रंगीत पट्ट्यांची: पोर्ट ऑफ स्पेनकडे पिवळा, पूर्वेला लाल, चगुआनासच्या दिशेला हिरवा. गुन्हेगारी हा तिथला खरा प्रश्न आहे. रात्री पायी फिरू नका, सोन्याची साखळी घरी ठेवा, कुठला भाग टाळायचा ते यजमानांना विचारा. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११.

देशाच्या दुसऱ्या बेटावर, टोबॅगोला गेलात तर तिथल्या माणसाला 'त्रिनी' म्हणू नका. तो टोबॅगोनियन आहे आणि हा फरक त्याच्यासाठी मोठा आहे.

१२. परतताना

स्थानिक डॉलर मोजकेच बदलून घ्या. एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास मिळतात, पण देशात परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे उरलेले परत बदलून मिळणं अवघड जातं, आणि भारतात तर ते कुणी घेणारच नाही. पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टमध्येच ठेवा.

निघताना कुणीतरी हमखास घरच्या मिरचीच्या सॉसची बाटली हातात देईल. ती हँडबॅगेतून नेता येत नाही. चेक-इनच्या बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून, आणि कपड्यांपासून लांब ठेवा. मी एकाच पिशवीत ठेवली होती. ते दोन पांढरे शर्ट आता गाडी पुसायला आहेत.